हिशेबाच्या कचेरीतले शास्त्रज्ञ रमण

आमच्या वर्गात खिडकीपाशी एक प्रश्नपेटी आहे. पेटी म्हणजे बुटांचा खोका, वरून चीर पाडलेला. ज्याला प्रश्न पडला त्याने चिठ्ठी टाकायची, नाव लिहायचे नाही. एकदा गुरुजींनी खडूचा तुकडा कुटून पूड केली आणि सांगितले, की ही पूड आणखी बारीक, आणखी बारीक करता आली तर शेवटी जे कण उरतील ते अणू. झालं! शनिवारी पेटी उघडली तर निम्म्या चिठ्ठ्या अणूच्याच. अणू केवढा असतो? तो कोणी पाहिला का? माणसातही असतो का? अणू मरतो का? आणि एका चिठ्ठीत होतं, अणू एका जागी स्वस्थ बसतो की हालतो?

ही शेवटची चिठ्ठी वाचल्यावर पोरं खूप हसली. दगड हालत नाही तर दगडातला अणू काहून हालेल, असं सगळे म्हणाले. मीही हसले. पण खरं सांगते, ती चिठ्ठी माझीच होती.

गुरुजी हसले नाहीत. त्यांनी सांगितलं, की याचं उत्तर हवं असेल तर सर चंद्रशेखर व्यंकट रमण यांचं चरित्र वाचा, आणि जो वाचेल त्याने भित्तिपत्रकात लिहा. कपाटातलं पुस्तक मी घरी नेलं. म्हणून बालमित्रांनो आणि पालकांनो, हा लेख.

रमण यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तमिळनाडूत तिरुचिरापल्ली येथे झाला. वडिलांचे नाव चंद्रशेखर अय्यर, आईचे नाव पार्वती. भावंडे आठ, त्यात रमण दुसरे. वडील कॉलेजात गणित आणि भौतिकशास्त्र शिकवत आणि व्हायोलिनही छान वाजवत. रमण चार वर्षांचे असताना वडिलांची नोकरी विशाखापट्टणमला लागली आणि सारे कुटुंब समुद्राकाठी राहायला गेले. तिथे रमण अकराव्या वर्षी मॅट्रिक झाले. अकराव्या वर्षी! म्हणजे माझ्याहून एकाच वर्षाने मोठे. मला अजून अपूर्णांकांची वजाबाकी नीट येत नाही.

पुढे ते मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गेले. ते इतके लहान दिसत, की प्राध्यापकांना वाटले हा पोरगा चुकून या वर्गात शिरला. १९०४ साली ते बी.ए.ला पहिले आले आणि भौतिकशास्त्रात सोन्याचे पदक मिळाले. अठराव्या वर्षी त्यांचा प्रकाशावरचा एक लेख इंग्लंडच्या मासिकात छापून आला. सगळ्यांना वाटले हा आता विलायतेला शिकायला जाणार. पण डॉक्टरांनी तपासले आणि तिकडची थंडी याच्या प्रकृतीला सोसणार नाही असे सांगितले. त्या काळी आपल्या देशात शास्त्रज्ञाला नोकरी मिळणे कठीणच होते. मग रमण सरकारी हिशेब खात्याच्या परीक्षेला बसले. तिथेही पहिलेच आले! १९०७ साली लोकसुंदरी यांच्याशी त्यांचे लग्न झाले. त्या वीणा वाजवत. त्याच वर्षी रमण कलकत्त्याला हिशेब खात्यात मोठे अधिकारी म्हणून रुजू झाले. वय किती? एकोणीससुद्धा पुरं नव्हतं.

कलकत्त्यात एके दिवशी ट्रॅममधून जाताना त्यांना रस्त्यावर एक पाटी दिसली. विज्ञानाची वाढ करणाऱ्या एका भारतीय संस्थेची ती पाटी होती. महेंद्रलाल सरकार नावाच्या डॉक्टरांनी ती संस्था १८७६ साली काढली होती. रमण उतरले आणि थेट आत गेले. आत प्रयोगशाळा होती, पण प्रयोग करणारे फारसे कोणी नव्हते. तेव्हापासून सकाळी कचेरीच्या आधी प्रयोग, दिवसभर हिशेब आणि सांजच्याला पुन्हा प्रयोग, असा त्यांचा नेम सुरू झाला.

सरकारी नोकरी म्हटली की बदली आलीच. १९०९ साली त्यांना ब्रह्मदेशात रंगूनला पाठवले. मध्येच वडील वारले. आणि १९१० साली बदली कुठे झाली असेल? आपल्या नागपूरला!

हे वाचून मी पुस्तक मिटून आईला ओरडून सांगितलं. कारण माझे मामाजी नागपूरला सदरमध्ये राहतात. ते एका दुकानात खातेवही लिहितात. दिवाळीच्या सुटीत मी त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांना हेच सांगितलं, तर त्यांना आधीपासून माहीत होतं. सदरच्या शेजारीच सिव्हिल लाईन्स आहे. तिथे सरकारी हिशेबाचे मोठे कार्यालय आजही आहे, त्याला महालेखाकार कार्यालय म्हणतात. मामाजींनी मला सायकलवर पुढे बसवून तिथवर नेलं. आम्ही रस्त्यावरूनच पाहिलं. मोठी झाडं होती आणि माणसं डबे घेऊन आत जात होती. तेव्हा नागपूर मध्य प्रांत आणि वऱ्हाडाची राजधानी होते, म्हणून इथे हिशेबही पुष्कळ. रमण इथे वर्षभरही राहिले नाहीत, १९११ साली त्यांना पुन्हा कलकत्त्याला पाठवले. कलकत्त्याची प्रयोगशाळा इथून कितीतरी दूर. म्हणून रंगूनला आणि नागपूरला त्यांनी घरातच प्रयोगाची जागा केली.

मामाजी बारावीपर्यंत सायन्सला होते. मग आजोबा आजारी पडले आणि त्यांना काम धरावं लागलं. मी विचारलं, की तुम्ही घरी प्रयोग काहून नाही केले? ते काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी मला गांधीसागर तलावाजवळच्या रमण विज्ञान केंद्रात नेलं. ते केंद्र १९९२ साली सुरू झालं आणि त्याला याच रमण यांचं नाव दिलं आहे. तिथे मामाजी प्रत्येक बटण माझ्याआधी दाबून पाहत होते.

आता रमण काय प्रयोग करत ते सांगते. पहिली कित्येक वर्षे ते वाद्यांचा अभ्यास करत होते. व्हायोलिनची तार कशी थरथरते, वीणा कशी, मृदंग आणि तबला कसा. नुसता ढोल वाजवला तर धबधब आवाज येतो, पण तबल्यातून गोड सूर निघतो. असं का? तर तबल्याच्या मध्ये काळी शाई लावलेली असते. तिच्या वजनामुळे कातडे ठराविक तऱ्हेने थरथरते आणि सूर जुळतात. हे त्यांनी शोधून सिद्ध केले. थरथरणे हा शब्द लक्षात ठेवा, तो पुढे येणार आहे.

१९१७ साली कलकत्ता विद्यापीठाने त्यांना प्राध्यापकाची जागा देऊ केली. पगार मात्र सरकारी नोकरीच्या जवळजवळ निम्मा. रमण यांनी सरकारी नोकरी सोडली. आमच्या घरी हे वाचून दाखवल्यावर बाबा म्हणाले, की पोरंबाळं असणाऱ्याला असं करणं सोपं नाही. मला वाटतं लोकसुंदरीबाईंचंही नाव इथे मोठ्या अक्षरात लिहायला पाहिजे.

१९२१ साली रमण इंग्लंडला गेले. परत येताना बोटीवरून भूमध्य समुद्राचा गडद निळा रंग त्यांनी पाहिला. तेव्हा एका मोठ्या इंग्रज शास्त्रज्ञाचे मत असे होते, की समुद्र निळा दिसतो तो आकाशाचे प्रतिबिंब पडते म्हणून. रमण यांना ते पटेना. त्यांच्याजवळ स्फटिकाचा छोटा लोलक होता. त्यातून पाहिले की पाण्यावरची आकाशाची चमक पुसली जाते. तरी समुद्र निळाच! म्हणजे पाणी स्वतःच प्रकाश चोहीकडे उधळते. (पाणी लाल रंग गिळतेही, त्यानेही खोल पाणी निळे दिसते. आमच्या विहिरीचे पाणी हिरवे दिसते, पण ते शेवाळामुळे.)

कलकत्त्याला आल्यावर ते याच्याच मागे लागले. पाण्यातून, तेलातून, बर्फातून प्रकाश जाताना त्याचे काय होते? सात वर्षे ते आणि त्यांचे विद्यार्थी हेच पाहत होते. के. एस. कृष्णन या विद्यार्थ्याने तर सुमारे साठ द्रव पदार्थ तपासले. उपकरणे सगळी मिळून काहीशे रुपयांची.

२८ फेब्रुवारी १९२८ हा तो दिवस. रमण यांनी पाऱ्याच्या दिव्याचा प्रकाश घेतला आणि काचेतून गाळून त्यातला निळा-जांभळा तेवढा ठेवला. तो द्रवात सोडला. द्रवातून बाजूला जो प्रकाश उधळला तो रंग वेगळे करणाऱ्या यंत्रातून पाहिला. निळी पट्टी तर दिसलीच. पण तिच्यापासून थोडी काळी जागा सोडून आणखी एक नवी पट्टी दिसली. आत गेला तो निळा, आणि बाहेर येताना थोडा वेगळ्या रंगाचाही आला. यालाच रमण परिणाम म्हणतात.

हा रंग का बदलला? इथेच माझ्या चिठ्ठीचे उत्तर आहे. अणू एकेकटे क्वचितच असतात, ते जोडीने किंवा घोळक्याने राहतात. त्या घोळक्याला रेणू म्हणतात. पाण्याच्या रेणूत एक ऑक्सिजनचा आणि दोन हायड्रोजनचे अणू असतात. ते जणू बारीक स्प्रिंगने जोडलेले असतात आणि सारखे थरथरत असतात, अगदी वीणेच्या तारेसारखे. प्रकाश येऊन आदळला की बहुतेक प्रकाश जसाच्या तसा परत फिरतो. पण एक कोटीत एखादा प्रकाशकण आपली थोडी शक्ती त्या थरथरीला देऊन जातो, किंवा तिच्याकडून घेऊन जातो. शक्ती बदलली की रंग बदलला. किती बदलला ते मोजले की आतले अणू कसे थरथरतात ते कळते. प्रत्येक पदार्थाची थरथर वेगळी, म्हणून प्रत्येकाच्या पट्ट्याही वेगळ्या, जसे आपले अंगठ्याचे ठसे. आज याच रीतीने हिरा खरा की खोटा, औषध शुद्ध की भेसळीचे, हे न फोडता ओळखतात.

म्हणजे अणू स्वस्थ बसत नाही. दगडातले अणू जागा सोडत नाहीत, पण जागच्या जागी थरथरतात. पाण्यात ते एकमेकांवरून घसरतात आणि हवेत तर पळतच सुटतात. तापवले की थरथर वाढते. बर्फ वितळतो तो यामुळेच.

बाकीच्या चिठ्ठ्यांचंही थोडक्यात लिहिते. अणू इतका लहान, की पट्टीवरच्या एका मिलिमीटरमध्ये सुमारे एक कोटी अणू ओळीने मावतील. (पुन्हा कोटीच!) रमण यांच्या वेळी अणू कोणाला दिसत नव्हता, आता खास यंत्रांनी अणूंची चित्रे काढता येतात. माणसात, गाईत, फळ्यात, सगळ्यांत अणू आहेत. आणि अणू मरत नाही. पान कुजले तरी त्यातले अणू मातीत आणि हवेत जातात. मात्र युरेनियमसारख्या काहींचे अणू आपोआप फुटतात.

पुढची हकिकत लवकर सांगते. १९२९ साली इंग्रज सरकारने त्यांना सर ही पदवी दिली. १९३० साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. विज्ञानाचे नोबेल मिळालेले ते आशिया खंडातले पहिलेच. गंमत म्हणजे बक्षीस नोव्हेंबरमध्ये जाहीर झाले आणि त्यांनी स्वीडनला जायची बोटीची दोन तिकिटे जुलैतच काढून ठेवली होती! आई म्हणते एवढा भरवसा बरा नाही. मला मात्र हे फार आवडलं. पण कृष्णन यांना त्या बक्षिसात वाटा मिळाला नाही, हे मला आवडलं नाही. साठ द्रव काय थोडे झाले?

१९३३ साली ते बंगलोरच्या विज्ञान संस्थेचे संचालक झाले, तिथले पहिले भारतीय संचालक. १९४८ साली त्यांनी बंगलोरलाच स्वतःची संस्था काढली. तिथे ते म्हातारपणीही हिरे, फुलांचे रंग, पाखरांची पिसे पाहत बसत. १९५४ साली त्यांना भारतरत्न मिळाले. २१ नोव्हेंबर १९७० रोजी ते वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना संस्थेच्या बागेतच अग्नी दिला. समाधी बांधली नाही, त्या जागी एक झाड लावले.

१९८७ सालापासून २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिवस म्हणून पाळतात. यंदा त्या दिवशी आमचा वर्ग पाण्याच्या ग्लासात दुधाचा थेंब टाकून अंधारात त्यातून टॉर्च मारून दाखवणार आहे. बाजूने पाहिले की पाणी निळसर दिसते आणि समोरून टॉर्च पिवळसर दिसतो. हा रमण परिणाम नव्हे बरं का, तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. यात प्रकाश फक्त उधळतो. मामाजीही सदरहून येणार आहेत. टॉर्च आमच्याकडे एकच आहे, ज्यांच्या घरी असेल त्यांनी सेल घालून आणावा.