बडोद्याच्या वाटेवर सेनापती तात्या टोपे

तात्या टोपे म्हटले की आपल्याला कानपूर, झाशी, ग्वाल्हेर आठवते. बडोदे कोणाच्या ध्यानात येत नाही. परंतु १८५८ च्या अखेरीस हा सेनानी बडोद्याच्या रोखाने निघून छोटा उदेपूरपर्यंत पोचला होता.

रामचंद्र पांडुरंग हे त्यांचे नाव. जन्म १८१४ च्या सुमारास, येवल्याचा. वडील दुसऱ्या बाजीरावांच्या पदरी होते. पेशवाई बुडाल्यावर हे कुटुंबही बाजीरावांमागे ब्रह्मावर्तास गेले आणि तेथे नानासाहेबांशी तात्यांचा स्नेह जुळला.

त्यांचे खरे कर्तृत्व दिसले ते कानपुरात. नोव्हेंबर १८५७ मध्ये ग्वाल्हेरची पलटण घेऊन त्यांनी जनरल विंडहॅमला शहरातून रेटत थेट गंगाकाठच्या तटबंदीत कोंडले. तंबूंचे व कपड्यांचे साठे जाळले. मात्र गंगेवरचा नावांचा पूल तेवढा शाबूत राहिला. आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी, त्यामुळे आमची नजर आधी रसदीच्या वाटेकडे जाते! त्याच पुलावरून लखनौचे सैन्य घेऊन कॅम्पबेल परतला आणि ६ डिसेंबरला कानपूर हातचे गेले. पुढे वेढ्यात सापडलेल्या झाशीच्या मदतीस जाताना बेटवाकाठी पराभव झाला. ग्वाल्हेर जिंकले, पण जेमतेम तीन आठवडेच टिकले.

त्यानंतर शहर धरून बसणे त्यांनी सोडलेच. ऑक्टोबर १८५८ च्या अखेरीस नर्मदा ओलांडून ते दक्षिणेस आले. पण फार उशीर झाला होता. आपल्याकडील नरगुंदच्या बाबासाहेब भाव्यांना जूनमध्येच बेळगावात फाशी झाली होती. दक्षिणेची वाट बंद दिसताच ते बडोद्याकडे वळले. गादी मराठ्यांची, तेव्हा तेथील माणसे उठतील ही आशा. पण खंडेराव गायकवाड इंग्रजांच्या बाजूस होते. आपल्याच माणसाने दार लावून घ्यावे, यापरते दुःख कोणते? वाटेतच तोफा गमावलेल्या तात्यांना १ डिसेंबरला ब्रिगेडियर पार्कने छोटा उदेपुरास गाठून पराभूत केले. बडोदे तेथून सुमारे शंभर किलोमीटरच उरले होते.

मग बांसवाड्याची राने, राजपुताना, अखंड पाठलाग. ७ एप्रिल १८५९ च्या रात्री नरवरच्या मानसिंगाने त्यांना झोपेत पकडून दिले. शिप्रीच्या लष्करी न्यायालयापुढे, आपण धन्याच्या आज्ञेने लढलो, एवढेच त्यांनी शांतपणे सांगितले. १८ एप्रिलला त्यांना फाशी देण्यात आली.