शलमोन राजा : ज्ञानाच्या बांधाला पडलेली लहान भोके



पावसाळ्यात नेरळहून कळंबच्या दिशेने निघाले की रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाण्याने भरलेली भाताची खाचरे दिसतात. लावणी आटोपली तरी शेतकऱ्याला स्वस्थता नसते. खांद्यावर फावडे टाकून तो बांधावरून फेरी मारीत राहतो. खेकड्याने बांधात केलेले बीळ वरून सहसा ध्यानात येत नाही. आरंभी तेथून चार थेंब झिरपतात, मग माती सुटू लागते आणि एके दिवशी भरलेले खाचर रिकामे झालेले आढळते. फुटलेला बांध सर्वांना दिसतो. बीळ मात्र त्याआधी कितीतरी दिवस तेथे असते. पवित्र शास्त्रातील सर्वांत ज्ञानी राजाचे चरित्र वाचताना या बांधाची आठवण होते.

शलमोन हा दावीद राजा आणि बथशेबा यांचा पुत्र. थोरला भाऊ अदोनीया राज्य बळकावू पाहत होता. तेव्हा नाथान संदेष्ट्याच्या पुढाकाराने वृद्ध दावीदाने शलमोनाला गादीवर बसविले. हा काळ ख्रिस्तपूर्व ९७० च्या सुमाराचा. तरुण राजाने गिबोन येथे एक हजार होमबली अर्पण केले. त्या रात्री परमेश्वराने स्वप्नात दर्शन देऊन त्याला हवे ते मागण्यास सांगितले. शलमोनाने दीर्घायुष्य, धन किंवा शत्रूंचा नाश यांपैकी काहीही मागितले नाही. प्रजेचा न्याय करता यावा म्हणून त्याने समंजस अंतःकरण मागितले. मूळ हिब्रू शब्दांचा अर्थ ऐकणारे अंतःकरण असा होतो. शलमोनाच्या पुढील आयुष्याची किल्ली या एका शब्दात आहे.

देवाने त्याला ज्ञान दिले आणि न मागितलेले वैभवही दिले. एका बालकावर हक्क सांगणाऱ्या दोन स्त्रियांचा न्याय त्याने ज्या रीतीने केला, त्याने सारे इस्राएल थक्क झाले. त्याने तीन हजार नीतिवचने सांगितली, एक हजार पाच गीते रचली. लबानोनच्या गंधसरूपासून भिंतीवर उगवणाऱ्या एजोबापर्यंत सर्व वनस्पतींविषयी तो बोलत असे. शबाची राणी दूर देशाहून त्याची परीक्षा पाहायला आली आणि विस्मित होऊन परतली. राज्याच्या चौथ्या वर्षी त्याने यरुशलेमच्या मंदिराचे काम हाती घेतले. साठ हात लांब, वीस हात रुंद आणि तीस हात उंच असे ते मंदिर सात वर्षांत पूर्ण झाले. स्वतःच्या राजवाड्याला मात्र त्याने तेरा वर्षे दिली.

अनुवाद या ग्रंथाच्या सतराव्या अध्यायात इस्राएलच्या राजासाठी मोजके नियम आहेत. राजाने फार घोडे बाळगू नयेत आणि त्यासाठी लोकांना मिसर देशात पाठवू नये. पुष्कळ बायका करू नयेत. सोन्यारुप्याचा साठा वाढवू नये. त्याने नियमशास्त्राची प्रत स्वतःसाठी लिहून घ्यावी आणि ती आयुष्यभर रोज वाचावी, म्हणजे त्याचे मन गर्वाने फुगणार नाही.

शलमोनाने हे नियम एका दिवसात झुगारले नाहीत. राज्याच्या आरंभीच त्याने मिसरच्या फारोच्या कन्येशी विवाह केला. बलाढ्य शेजाऱ्याशी सख्य जोडणे त्या काळी शहाणपणाचेच मानले जाई. पुढे मिसरहून घोडे आले. सीमांच्या रक्षणाला ते हवेच होते. रथांची संख्या १४०० झाली, स्वारांची १२,०००. एका वर्षात ६६६ किक्कार सोने येऊ लागले. एवढे मोठे राज्य चालवायचे तर खजिना भरलेला हवा. तहामागून तह झाले आणि प्रत्येक तहाबरोबर एखादी राजकन्या महालात आली. अखेर राण्यांची संख्या सातशेवर आणि उपपत्नींची तीनशेवर गेली.

यातील प्रत्येक पावलाला सबळ कारण देता आले असते आणि असे कारण शोधायला शलमोनाइतका बुद्धिमान माणूस दुसरा नव्हता. देवाने दिलेली बुद्धीच देवाची आज्ञा वळसा घालून टाळण्याच्या कामी आली. मंदिर पूर्ण झाल्यावर परमेश्वराने त्याला दुसऱ्यांदा दर्शन देऊन सावध केले होते. पण ऐकण्याचे वरदान मागणाऱ्या राजाला आता ऐकण्याची सवय उरली नव्हती.

वृद्धपणी त्याचे मन राण्यांच्या दैवतांकडे वळले. मंदिराच्या समोर, यरुशलेमच्या पूर्वेकडील डोंगरावर त्याने मवाबाच्या कमोशासाठी आणि अम्मोन्यांच्या मोलेखासाठी पूजास्थाने बांधली. बांध फुटलेला लोकांना दिसला तो तेव्हा. मग अदोमातून हदाद, दमिष्कातून रजोन आणि घरातूनच यराबाम उठला. अहीया संदेष्ट्याने आपल्या नव्या वस्त्राचे बारा तुकडे करून त्यांतील दहा यराबामाच्या हाती दिले.

चाळीस वर्षे राज्य करून शलमोन वारला. त्याच्या बांधकामांसाठी वेठीला धरलेले लोक शखेम येथे त्याचा पुत्र रहबाम याच्याकडे ओझे हलके करण्याची विनवणी घेऊन आले. रहबामाने वडीलधाऱ्यांचा सल्ला धुडकावला आणि दहा वंश कायमचे तुटले. सर्वांत ज्ञानी राजाच्या घरात ऐकणारे अंतःकरण एका पिढीतच संपले होते. त्या डोंगरावरील पूजास्थाने पुढे सुमारे तीनशे वर्षे उभी राहिली. योशिया राजाने ती पाडली.

शलमोनाने अखेरीस पश्चात्ताप केला की नाही, याची नोंद शास्त्रात नाही. सिराखचा ज्ञानग्रंथ त्याच्या विद्वत्तेची थोरवी गातो, त्याने स्वतःच्या कीर्तीला लावलेला डाग सांगतो आणि त्याच परिच्छेदात देव आपली दया सोडून देत नाही, हेही सांगतो. दावीदाच्या त्याच वंशात पुढे प्रभू येशूचा जन्म झाला.

आपल्यापैकी बहुतेकांचे मोठे पाप करण्याचे धाडस होत नाही. कामाच्या गडबडीत चुकलेली रविवारची मिस्सा, हिशोबातील किरकोळ खोट, भावाशी धरलेला अबोला, आज नको म्हणून पुढे ढकललेला पापनिवेदन संस्कार, या सर्वांना आपल्याजवळ चांगली कारणे असतात. जितके आपण शिकलेले, तितकी ती कारणे अधिक चांगली. कळंबचा शेतकरी बीळ लहान आहे म्हणून ते तसेच ठेवीत नाही. लहान आहे तोवरच ते चिखलाच्या एका गोळ्याने बुजते, हे त्याला ठाऊक असते. रात्री झोपण्यापूर्वी आपणही आपल्या बांधावरून एक फेरी मारावी आणि शलमोनाने तरुणपणी मागितलेले ते ऐकणारे अंतःकरण प्रभूकडे रोज नव्याने मागावे.