फ्लॉरेन्स नाइटिंगेल : सेवा आणि सत्यशोधन

परिचर्या महाविद्यालयात शिकणाऱ्या आपल्या समाजातील मुलींना पदवी अभ्यासक्रमात संशोधन व संख्याशास्त्र हा विषय अभ्यासावा लागतो. रुग्णसेवेचे व्रत घेतलेल्या मुलीला ही आकडेमोड कशासाठी, असा प्रश्न त्यांच्याप्रमाणे पालकांच्याही मनात येतो. त्याचे उत्तर ज्यांच्या चरित्रात सापडते, त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल आपल्याला हाती दिवा घेतलेल्या सेविकेच्या रूपात परिचित आहेत. त्यांच्या हातातील लेखणीचा परिचय मात्र सहसा कोणी करून देत नाही.

त्यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स नगरीत एका संपन्न इंग्रज कुटुंबात झाला. नगरीचेच नाव कन्येला मिळाले. वडिलांनी मुलींना घरीच ग्रीक, लॅटिन, इतिहास शिकविला. फ्लॉरेन्स यांना ओढ लागली ती गणिताची. त्या काळी इंग्लंडमध्ये रुग्णालयातील परिचारिकेचे काम कुलीन स्त्रीला अशोभनीय मानले जाई, त्यामुळे घरच्यांचा विरोध अनेक वर्षे टिकला. अखेर १८५१ साली जर्मनीतील कायझर्सवेर्थ येथे त्यांनी काही महिने शिक्षण घेतले आणि १८५३ मध्ये लंडनमधील एका लहान रुग्णालयाचा कारभार हाती घेतला.

पुढच्याच वर्षी ब्रिटन क्रिमियाच्या युद्धात उतरले. युद्धमंत्री सिडनी हर्बर्ट यांच्या विनंतीवरून ३८ परिचारिकांसह त्या नोव्हेंबर १८५४ मध्ये तुर्कस्तानातील स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. तेथील घाण, उपासमार आणि दाटी यांची वर्णने सर्वश्रुत आहेत. त्यांना तितकीच अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे तेथील दप्तर. मृतांच्या नोंदी तीन निरनिराळ्या ठिकाणी ठेवल्या जात आणि तिन्हींचा मेळ बसत नसे. एकाच आजाराला वेगवेगळी नावे दिली जात. किती माणसे कशाने दगावली हेच जेथे ठाऊक नाही, तेथे उपाय तरी कशावर करणार?

फेब्रुवारी १८५५ मध्ये स्कुटारीतील मृत्यूचे प्रमाण शेकडा ४२ च्या वर गेले. मार्चमध्ये सरकारने पाठविलेले स्वच्छता आयोगाचे सदस्य आले. त्यांनी इमारतीखाली तुंबलेली गटारे धुऊन काढली, पाणी शुद्ध केले, हवा खेळती केली. जूनमध्ये तेच प्रमाण शेकडा २ च्या आसपास आले.

१८५६ साली त्या मायदेशी परतल्या तेव्हा अवघा देश त्यांचा जयजयकार करीत होता. स्वतः फ्लॉरेन्स यांची समजूत अशी होती की सैनिक मेले ते अपुऱ्या अन्नाने, अतिश्रमाने आणि उशिरा दाखल झाल्याने. संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या साहाय्याने त्या नोंदी तपासू लागल्या आणि ही समजूत ढासळली. बहुसंख्य मृत्यू जखमांनी झालेले नव्हते. ते टाळता येण्याजोग्या साथीच्या रोगांनी, आणि रुग्णालयातील अस्वच्छतेमुळे झालेले होते. म्हणजे ज्या रुग्णालयात त्या रात्रंदिवस राबल्या, तेथेच पहिल्या हिवाळ्यात माणसे अधिक दगावली होती. हा निष्कर्ष त्यांच्या स्वतःच्या कीर्तीला बाधक होता. त्यांनी तो दडपला नाही. १८५८ साली आठशेहून अधिक पृष्ठांचा अहवाल त्यांनी स्वखर्चाने छापून जबाबदार व्यक्तींकडे पाठविला. सामान्य वाचकाला आकड्यांचा कंटाळा येतो हे ओळखून त्यांनी वर्तुळाकार रंगीत आकृत्या काढल्या. निळा रंग टाळता येण्याजोग्या रोगांचा, तांबडा जखमांचा, काळा इतर कारणांचा. निळ्याचा विस्तार पाहताच मंत्र्यांनाही विषय कळे. त्याच वर्षी लंडनच्या संख्याशास्त्र परिषदेने त्यांना सदस्यत्व दिले. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला होत.

तुलना समानांशीच करावी, हा संशोधनाचा पहिला धडा त्यांनी कटाक्षाने पाळला. शांततेच्या काळात मायदेशी बराकीत राहणाऱ्या तरुण सैनिकांची तुलना त्यांनी त्याच वयाच्या नागरिकांशी केली, आणि निवडून घेतलेल्या धडधाकट सैनिकांचे मृत्यू जवळपास दुप्पट आहेत हे दाखविले.

परंतु माझ्या मते त्यांची खरी कसोटी पुढे लागली. १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांची परिचारिका शाळा सुरू झाली. त्यानंतर त्यांच्याच निधीतून किंग्ज कॉलेज रुग्णालयात सुईणींच्या शिक्षणासाठी एक प्रसूतिकक्ष उघडण्यात आला. तेथे सूतिकाज्वराने माता दगावू लागल्या. आकडे पाहताच १८६७ मध्ये तो कक्ष बंद करण्यात आला. दुसरी एखादी व्यक्ती येथेच थांबली असती. त्यांनी मात्र अनेक ठिकाणची माहिती जमविली आणि १८७१ साली ग्रंथरूपाने मांडली : इंग्लंडमध्ये घरी होणाऱ्या प्रसूतींत हजारी सुमारे ५ माता दगावत, प्रसूतिगृहांत सुमारे ३४. शिकणाऱ्यांच्या सोयीसाठी मातेचा जीव धोक्यात घालू नये, हा निर्णय त्यांनी स्वतःच्या संस्थेपासून लागू केला.

हिंदुस्थानात त्या कधीच आल्या नाहीत. तरीही १८५९ साली नेमलेल्या राजकीय आयोगासाठी येथील लष्करी छावण्यांकडे पाठवावयाची प्रश्नावली त्यांनी तयार केली. मुंबई इलाख्यातील छावण्यांकडूनही उत्तरे गेली. १८६३ च्या अहवालात येथील गोऱ्या सैनिकांचे मृत्यू हजारी ६९ असल्याचे दिसून आले. दहा वर्षांनंतर त्या हजारी १८ चा आकडा नोंदवू शकल्या. रोगजंतूंचा सिद्धांत स्वीकारण्यास मात्र त्यांनी फार वर्षे घेतली, हेही चरित्रकाराने लपवू नये.

दीपप्रज्वलन सोहळ्यात विद्यार्थिनी घेतात ती शपथ त्यांच्या नावाने ओळखली जाते, परंतु ती त्यांनी लिहिलेली नाही. १८९३ साली अमेरिकेतील डेट्रॉइट येथे लिस्ट्रा ग्रेटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तयार केली. रुग्णाची खासगी माहिती गुप्त राखण्याचे वचन तीत आहे, आणि प्रकल्पासाठी वॉर्डात प्रश्नावली घेऊन फिरणाऱ्या विद्यार्थिनीला ते तितकेच बांधील करते.

उत्तरायुष्यातील बराच काळ त्या आजारपणामुळे खोलीतच होत्या. तेथूनच पत्रे व अहवाल लिहिणे चालू होते. १३ ऑगस्ट १९१० रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीमधील दफनाचा मान कुटुंबीयांनी नम्रपणे नाकारला. ईस्ट वेलो या गावच्या चर्चच्या आवारात त्यांची समाधी आहे. तीवर नावाची दोन आद्याक्षरे आणि जन्म-मृत्यूची वर्षे एवढेच कोरले आहे.