किलोमीटरला चार मिनिटं, तेही १९२० साली!

येलदरी धरणाच्या रस्त्यावर भरतीची तयारी करणाऱ्या पोरांच्या डोक्यात एकच आकडा असतो, १६०० मीटर. आता जरा हिशेब करा. हेच १६०० मीटर साडेसहा मिनिटांच्या आत पळायचे आणि न थांबता असं सव्वीस वेळा करायचं. वर एक किलोमीटरभर उरतंच! बेळगावच्या फडेप्पा दरेप्पा चौगुलेनं हे शंभर वर्षांपूर्वी करून दाखवलं, तेही बेल्जियममध्ये जाऊन.

फडेप्पाचा जन्म १९०२ चा. म्हणजे ऑलिंपिकला गेला तेव्हा तो तुमच्या-आमच्याच वयाचा, कॉलेजात शोभेल असा पोरगा होता. भारताकडून ऑलिंपिकला संघ जातो, ही गोष्टच तेव्हा नव्हती.

ती सुरू झाली पुण्यात. सर दोराबजी टाटा डेक्कन जिमखान्याचे पहिले अध्यक्ष. केंब्रिजला शिकलेले, त्यामुळे तिकडचे खेळ त्यांनी जवळून पाहिले होते. १९१९ मध्ये जिमखान्याच्या स्पर्धांत त्यांनी शेतकऱ्यांची पोरं अनवाणी पळताना बघितली. नियम माहीत नाहीत, प्रशिक्षण नाही, पण लांब पल्ल्याच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जाणाऱ्या. ही पोरं ऑलिंपिकला का जाऊ नयेत, असं त्यांच्या मनानं घेतलं. त्यांनी मुंबईचे गव्हर्नर लॉईड यांच्याकडे शब्द टाकला आणि भारताला परवानगी मिळाली.

तयारी किती होती? शंभर मीटरला किती वेळ लागायला हवा, असं विचारल्यावर समितीतल्या एका बड्या सदस्यानं अंदाज चक्क मिनिटांच्या हिशेबात दिला होता. तिथं तर सेकंदाच्या दहाव्या भागावर निकाल लागतो!

पुण्यात निवड चाचणी झाली. पैसे सरकारकडून आले, वर्गणीतून आले आणि टाटांच्या स्वतःच्या खिशातूनही आले. चार धावपटू आणि दोन पैलवान असा सहा जणांचा संघ बोटीनं निघाला. लंडनमध्ये सराव करून सगळे अँटवर्पला पोहोचले.

२२ ऑगस्ट १९२० ला मॅरेथॉन झाली. अंतर नेहमीपेक्षा जास्त, ४२.७५ किलोमीटर. सोबतच्या सदाशिव दातारला शर्यत पूर्ण करता आली नाही. फडेप्पा पळत राहिला. २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद, नंबर एकोणिसावा. फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनेन त्याच्या १८ मिनिटं आधी पोहोचून जिंकला होता. त्याच ऑलिंपिकमध्ये आपला रणधीर शिंदे कुस्तीत चौथा आला.

फडेप्पाला पदक मिळालं नाही. पुन्हा ऑलिंपिकही मिळालं नाही. म्हणूनच त्याचं नाव आपल्या जीकेच्या पुस्तकात सहसा सापडत नाही. पण भारताच्या मॅरेथॉनचा पहिला आकडा त्यानं लिहून ठेवला. १९७६ मध्ये माँट्रियलला शिवनाथ सिंग अकरावा आला, तो याच रस्त्यावर पुढे गेलेला माणूस.

आज मराठवाड्यातला अविनाश साबळे ऑलिंपिकची फायनल पळतो, तेव्हा आपण स्टेटस ठेवतो. ठेवायलाच हवं. फक्त या रांगेत सगळ्यात आधी उभा राहिला तो बेळगावचा फडेप्पा, एवढं लक्षात असू द्या.