नावाला जागलेले न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी

‘बद्र’ म्हणजे पौर्णिमेचा चंद्र आणि ‘बद्रुद्दीन’ म्हणजे दीनचा पूर्णचंद्र. आपल्या समाजातील या जुन्या नावाचे मुंबईत ज्यांनी सार्थक केले, ते बद्रुद्दीन तय्यबजी.

त्यांचा जन्म १८४४ साली मुंबईत एका सुलेमानी बोहरा व्यापारी कुटुंबात झाला. वडील तय्यब अली यांनी त्यांना विलायतेस शिकावयास पाठविले. डोळ्यांच्या विकारामुळे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पण ते खचले नाहीत. प्रकृती सुधारताच पुन्हा गेले आणि १८६७ साली बॅरिस्टर झाले. मुंबई हायकोर्टातील ते पहिले हिंदी बॅरिस्टर होत.

वकिली भरभराटीस येत असता त्यांनी समाजाच्या शिक्षणाची चिंता वाहिली. १८७४ साली अंजुमन-ए-इस्लामच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला. १८८७ साली मद्रास येथे ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले. १८९५ साली ते हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. १८९७ साली लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा पूर्वी नाकारलेला जामीन त्यांनी निर्भयपणे मंजूर केला. १९०६ साली लंडन येथे त्यांचे निधन झाले.

त्यांचे सर्वांत धाडसाचे काम मात्र घरातले होते. पडद्याच्या रूढीचा जोर असलेल्या त्या काळात त्यांनी आपल्या मुलींना शाळेत घातले.

पालकहो, मुलाचे चांगले नाव ठेवणे एका दिवसाचे काम आहे. ते सार्थ करण्यास वर्षानुवर्षांचे शिक्षण लागते. आपल्या मुलीने पुढे नाव काढावे असे वाटत असेल, तर तिचे नाव शाळेतून काढू नका.