नानिक मोटवाने

सभेला हजारो लोक जमावेत, वक्ता थोर असावा, आणि त्याचे शब्द मात्र पुढच्या चार रांगांपलीकडे पोहोचू नयेत! सुमारे शंभर वर्षांपूर्वी आपल्या देशातील मोठ्या सभांची अशीच स्थिती असे. महात्मा गांधींचा आवाज तर मुळातच मृदू. लोकांना त्यांचे दर्शन घडे. पण त्यांचे बोलणे बहुतेकांच्या कानी पडत नसे. ही उणीव दूर करण्याचा ध्यास नानिक मोटवाने यांनी घेतला.

मोटवाने कुटुंब मूळचे सिंध प्रांतातील. नानिक यांचे वडील ग्यानचंद यांनी १९०९ मध्ये विजेच्या साहित्याचा व्यापार सुरू केला. पुढे ही पेढी मुंबईस आली. टेलिफोन व रेडिओचे साहित्य विकणारी ही पेढी ‘शिकागो रेडिओ’ या नावाने प्रसिद्ध झाली. नाव अमेरिकेतील शहराचे असले, तरी पेढी भारतीयच होती.

त्या काळचा मोठा रेडिओ म्हणजे जणू लाकडी कपाटच. त्याच्या पोटात काचेच्या निर्वात नळ्या असत. त्यांना व्हॉल्व्ह म्हणत. नळ्या तापल्याशिवाय रेडिओ बोलत नसे. या नळ्या विजेच्या क्षीण लहरी प्रबळ करीत. सभेतील ध्वनिवर्धकाचे कार्यही याच तत्त्वावर चाले. बोलणाऱ्याचा आवाज ध्वनिक्षेपकात शिरे, त्याच्या विद्युतलहरी होत, नळ्या त्या वाढवीत आणि कर्ण्यातून तोच आवाज मोठा होऊन बाहेर पडे.

नानिक यांनी ही विद्या देशकार्याला जोडली. १९३१ मध्ये कराची येथे सरदार वल्लभभाई पटेल यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. तेथे नानिक यांचे कर्णे लागले आणि नेत्यांचे शब्द दूर बसलेल्या माणसांनाही ऐकू आले. त्यानंतर अनेक राष्ट्रीय सभांत ‘शिकागो’ हे नाव लोकांच्या परिचयाचे झाले.

या सेवेत धोकाही होता. १९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनात उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ चालविला. पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून ते वरचेवर जागा बदलीत. अखेर नोव्हेंबरमध्ये ते केंद्र पकडले गेले. साहित्य पुरविल्याच्या आरोपावरून नानिक यांनाही अटक झाली. खटल्यात उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. नानिक यांची निर्दोष सुटका झाली. व्यापार बुडण्याची भीती असतानाही त्यांनी राष्ट्रकार्याची साथ सोडली नाही.

नानिक यांची कीर्ती वक्ता म्हणून झाली नाही; इतरांचे बोलणे सर्वांपर्यंत पोहोचविण्यातच त्यांनी धन्यता मानली. रहिमतपूरच्या एखाद्या शाळेचे संमेलन असो की मुंबईची विराट सभा असो, मागच्या रांगेतल्या माणसालाही ऐकण्याचा तितकाच हक्क आहे, हे त्यांच्या कार्याने दाखवून दिले.