हजरत बिलाल : पहिल्या अजानचा आवाज

रमजानमध्ये सहेरी संपत आली की रोजेदारांचे कान अजानकडे लागतात. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळात मदिनेत पहाटे दोन अजान होत. पहिली हजरत बिलाल (रजि.) देत. ती झाल्यावरही खाण्यापिण्याची मुभा असे. दुसरी हजरत इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) देत आणि तेथून रोजा सुरू होई. यांतले एक पूर्वीचे हबशी गुलाम, तर दुसरे अंध. कबिला आणि घराणे यांवर माणसाची पारख करणाऱ्या समाजात साऱ्या गावाने या दोघांच्या आवाजावर आपली पहाट सोपवली होती.

बिलाल यांचा जन्म मक्केत इ. स. 580 च्या सुमारास झाला. वडिलांचे नाव रबाह, आईचे हमामा. त्यांचे मूळ हबश देशाचे, म्हणजे आजच्या इथिओपियाकडचे. जंजिऱ्याच्या सिद्दींमुळे आणि मलिक अंबरमुळे हबशी हा शब्द मराठी वाचकांना परका नाही. बिलाल हे कुरैश सरदार उमैया बिन खलफ याचे गुलाम होते.

प्रेषितांचा संदेश स्वीकारणाऱ्या पहिल्या काही जणांत ते होते. श्रद्धा सर्वांची एकच होती, पण तिची किंमत सर्वांना सारखी मोजावी लागली नाही. ज्यांच्या मागे कबिला होता त्यांना टोमणे ऐकावे लागले, कधी मारही बसला. मात्र त्यांचा जीव घेण्याआधी शत्रूला दहा वेळा विचार करावा लागे. बिलाल यांच्या मागे कोणीच नव्हते. उमैया त्यांना भर दुपारी तापलेल्या वाळूवर झोपवी आणि छातीवर मोठा दगड ठेववी. बिलाल मात्र अल्लाह एक आहे, एवढेच म्हणत राहत. अखेर हजरत अबू बक्र (रजि.) यांनी त्यांना विकत घेऊन मुक्त केले.

मदिनेत नमाजची हाक कशी द्यावी, हे ठरले तेव्हा अजानचे शब्द हजरत अब्दुल्लाह बिन जैद (रजि.) यांना स्वप्नात मिळाले होते. प्रेषितांनी ते शब्द बिलाल यांना शिकवायला सांगितले, कारण त्यांचा आवाज अधिक चांगला होता. निवड आवाजावर झाली, वंशावर नाही.

तरीही जुन्या सवयी एका दिवसात जात नाहीत. हजरत अबू जर गिफारी (रजि.) हे अत्यंत साधे आणि सच्चे सहाबी. एकदा वादाच्या भरात त्यांनी समोरच्याला त्याच्या आईवरून हिणवले. ते बिलाल होते आणि टोमणा आईच्या काळेपणावर होता, असे भाष्यकार सांगतात. प्रेषितांनी अबू जर यांना कडक शब्दांत समज दिली. त्यांच्यात अजून अज्ञानकाळाचा अंश शिल्लक आहे, हे दाखवून दिले. ज्यांच्यावर आपला अधिकार चालतो तेही आपले भाऊच आहेत, त्यांना आपण खातो ते खाऊ घालावे आणि नेसतो ते नेसवावे, असे बजावले. पुढे रबजा येथे लोकांनी अबू जर यांना पाहिले, तेव्हा त्यांच्या आणि त्यांच्या गुलामाच्या अंगावर एकसारखे वस्त्र होते. दोन्ही वस्त्रे मिळून मालकाचा एक पूर्ण पोशाख झाला असता. त्यांनी तो केला नाही.

इ. स. 630 मध्ये रमजान महिन्यातच मक्का जिंकली गेली. प्रेषित काबागृहात गेले तेव्हा बिलाल त्यांच्यासोबत आत होते. मग प्रेषितांच्या सांगण्यावरून बिलाल काबाच्या छतावर चढले आणि त्यांनी अजान दिली. ज्या शहराच्या वाळूवर त्यांना तुडवले गेले, त्याच शहरातल्या सर्वांत पवित्र वास्तूवर ते उभे होते. काही कुरैश सरदारांना ते सहन झाले नाही. हे दृश्य पाहायला आपले वडील हयात नाहीत हेच बरे, असे त्यांच्यातल्या एकाने बोलून दाखवले.

हजरत उमर (रजि.) खलिफा असताना एकदा त्यांच्या दारात बरेच लोक भेटीसाठी थांबले होते. आतून बोलावणे आले ते बिलाल आणि सुहैब (रजि.) यांना. अबू सुफियान यांच्यासारखे कुरैशचे मातब्बर बाहेरच राहिले. अबू सुफियान यांना हा अपमान वाटला. जन्मभर त्यांच्यासाठी दार आधी उघडत आले होते. तो आपला हक्कच, अशी त्यांची समजूत झालेली. तेथेच सुहैल बिन अम्र उभे होते. तेही सरदारच. राग धरायचाच तर स्वतःवर धरा, असे त्यांनी सोबत्यांना सांगितले. हाक दोघांनाही एकाच वेळी दिली गेली होती. ते धावत गेले आणि आपण मागे राहिलो, हे सुहैल यांनी त्या दारातच ओळखले.

प्रेषितांच्या निधनानंतर मदिनेत अजान देणे बिलाल यांना अवघड झाले. ते शाम देशात, म्हणजे सीरियाकडे गेले. इ. स. 640 च्या सुमारास दमास्कस येथे त्यांचे निधन झाले. हजरत उमर त्यांचा उल्लेख आपले सरदार असा करीत.

त्यांच्या चरित्रात रंगाचा अहंकार एकदा भांडणातल्या शब्दात दिसतो, एकदा छताकडे पाहणाऱ्या नजरेत आणि एकदा बंद दारापाशी. आपल्याकडेही अहो-जाहो कोणाला आणि अरे-तुरे कोणाला, खुर्ची कोणाला आणि उंबऱ्याबाहेर उभे कोणी राहायचे, हे बहुधा न बोलताच ठरलेले असते. ज्याला खुर्ची मिळते त्याला त्यात काही वावगे दिसत नाही. अबू जर आणि सुहैल यांना ते दिसले. रोज्याच्या दिवसांत एवढे दिसू लागले, तरी पुष्कळ झाले.